वाकणारे हत्यार, वाकणारी काच

काचेच्या दोन सारख्या जाड चकत्यांमध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालून वरची चकती खालचीवर मागेपुढे सरकवीत आणि मधूनमधून दोन्ही फिरवीत राहिले, की वरची खोलगट व खालची फुगीर होत जाते, आणि जो पृष्ठभाग निपजतो तो गोलाचाच तुकडा असतो. कारण कोणत्याही दिशेस सरकविले तरी परस्परांशी जुळून राहण्याचा गुण गोलाच्याच ठायी आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कार्यशाळांत विद्यार्थ्यांनी याच रीतीने दुर्बिणीचे आरसे घासले आहेत. पुसदच्या एखाद्या ओसरीवर, चकत्या पिंपावर ठेवून त्याभोवती फिरत, हे काम करावयास कोणाची मंजुरी लागत नाही, चिकाटी मात्र मुबलक लागते.

दुर्बिणीस हवा असतो तो मात्र अन्वस्तीय, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा, आरसा. सहा इंची आरशाचे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असेल, तर मध्याशी जुळणाऱ्या गोलाहून अन्वस्ताचा काठ जेमतेम मिलिमीटरच्या तीन दशसहस्रांशाने ढळतो. एवढी तफावत पिच सांभाळून घेते. पातळ करून खालच्या चकतीवर, म्हणजे हत्यारावर, ओतलेल्या व चौकोनी खाचा पाडलेल्या या काळ्या पदार्थावर नखाने टोकरले तर तो टणक भासतो, पण भाराखाली सावकाश वाहतो आणि काचेचा आकार धरतो.

अॅरिझोनातील द्विनेत्री दुर्बिणीच्या ८.४ मीटर व्यासाच्या आरशात हीच तफावत काठाशी सुमारे साडेपाच मिलिमीटर भरते. अशा आरशाची वक्रता मध्याशी एक, काठाशी दुसरी, आणि काठाशीही त्रिज्येच्या दिशेने व आडव्या दिशेने निरनिराळी. ताठ मोठे हत्यार तेथे धड टेकत नाही, आणि लहान हत्याराने बारीक लहरी मागे राहतात. म्हणून अॅरिझोना विद्यापीठात रॉजर एंजल यांच्या मंडळींनी (त्यांचा कारखाना फुटबॉलच्या प्रेक्षागाराखाली आहे!) सव्वा मीटरच्या आतबाहेरची धातूची अशी तबकडी सिद्ध केली, की आरशावरून फिरत असता संगणकाच्या हुकमाने तिच्या कडेवरील यंत्रणा तिला क्षणोक्षणी वाकवितात, आणि ती ज्या जागी असेल त्या जागेचा आकार धारण करते. मोठेपणामुळे ती लहरी आपोआप झिजवून टाकते, आणि लवचीकपणामुळे कोठेही बसते.

याच्या उलट तजवीज जेरी नेल्सन व जेकब लुब्लिनर यांनी हवाईतील केक दुर्बिणीच्या ३६ षट्कोनी खंडांसाठी केली. तेथे हत्यार नव्हे, काचच वाकते. खंडाच्या काठावर हिशेबाने बल लावून तो वाकवायचा, त्या स्थितीत त्यास साधा गोल आकार द्यायचा, आणि बल काढून घ्यायचे. सुटलेल्या धनुष्याप्रमाणे काच मूळ ताठपणाकडे परतते, आणि गोलाचा हवा तो अन्वस्ताचा भाग होतो. जागेच्या वादात अडकलेल्या तीस मीटर दुर्बिणीच्या ४९२ खंडांपैकी भारताच्या वाट्याचे खंड बंगळूरनजीक होसकोटे येथे, भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या कारखान्यात, याच रीतीने घडवावयाचे ठरले. या प्रकल्पात आयुकाही भागीदार आहे. मला ही निवड रास्त वाटते: एकच अजस्र आरसा घडवावयाचा असेल तर वाकणारे हत्यार बरे, पण सुमारे दीड मीटरचे शेकडो तुकडे काढावयाचे असतील तर प्रत्येकास वाकवून एकाच गोल साच्याने घासणे सोयीचे.

गोल व अन्वस्त यांतील भेदाची ही अडचण सगळ्याच आरशांना नसते. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथाजवळ, गुरुत्वलहरी टिपणारी लायगो वेधशाळा व्हावयाची आहे. तिचे चाळीस किलोचे मुख्य आरसे ३४ सेंटिमीटरचे असतील, आणि त्यांची वक्रता इतकी अल्प की हा भेद तेथे मोजण्यातही येणार नाही.