मत्स्यतेल, मेद आणि मूत्रपिंडें



दीड वर्षापूर्वीं आमच्या चिरंजिवांनीं सोनेरी गोळ्यांनीं भरलेली एक बाटली माझ्यापुढें आणून ठेविली. “बाबा, तुमचें वजन फार वाढलें आहे. हें माशाचें तेल रोज घेत चला. हृदयाला चांगलें आणि मूत्रपिंडांनाहि.” मी निष्ठेनें गोळी घेऊं लागलों. डॉक्टरांनीं लघवी तपासून घेण्यास सांगितलें होतें. तें मात्र “गोळी चालू आहे ना” या भरंवशावर लांबणीवर टाकिलें. त्या बाटलीच्या निमित्तानें जें वाचलें आणि जें अनुभवलें, तें आज आपल्यापुढें मांडणार आहें.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळतात आणि त्यांतील दीड-दोन लिटरांखेरीज बाकीचा सर्व रक्तांत परत सोडतात. या गाळण्यांची संख्या जन्माच्या वेळींच ठरलेली. पुढें ती घटते, वाढत कधींच नाहीं. शरीरांत मेद सांचला कीं काम वाढतें, गाळण्या मात्र तेवढ्याच. एका वर्गांत चाळीसांच्या जागीं ऐशीं मुलें बसविलीं आणि मास्तर एकच ठेवला, तर काय होतें हें मीं शाळेंत पुष्कळ पाहिलें आहे. कांहीं दिवस मास्तर दुप्पट आवाज काढून वर्ग रेटतो; मग त्याचा घसा बसतो. येथेंहि तोच प्रकार. प्रत्येक गाळणी फुगते, तिच्यांतील रक्ताचा दाब वाढतो आणि कालांतरानें तिच्या जाळींतून अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन लघवींत झिरपूं लागतें. अतिस्थूल रोग्यांच्या लघवींतून असें प्रथिन मोठ्या प्रमाणांत जातें, हें अमेरिकन वैद्यांनीं १९७४ सालीं नोंदविलें. आरंभीं वेदना नाहीं, ताप नाहीं. रोगी मजेंत हिंडत असतो, आणि हीच यांतली खरी भीति.

आतां तेलाकडे वळूं. १९७० च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग या दोन डॅनिश संशोधकांनीं ग्रीनलंडांतील इन्युइट लोकांचें रक्त तपासलें. सील आणि मासे हें त्यांचें मुख्य अन्न, आणि तरीहि रक्तांतील चरबी कमी! तेव्हांपासून समुद्री चरबींतील ई. पी. ए. आणि डी. एच. ए. या मेदाम्लांचा बोलबाला झाला. तो सर्वस्वीं पोकळ नाहीं. हीं मेदाम्लें रोज दोन ते चार ग्रॅम पोटांत गेलीं, तर रक्तांतील ट्रायग्लिसराइड खरोखरच उतरतें, आणि लठ्ठ माणसांत तें पुष्कळदां चढलेलें असतें. पुढें १९९४ सालीं मेयो क्लिनिकच्या वैद्यांनीं आय. जी. ए. नेफ्रोपथी या मूत्रपिंडविकाराच्या रोग्यांना दोन वर्षें रोज १२ ग्रॅम मत्स्यतेल देऊन गुण आल्याचें प्रसिद्ध केलें. नंतरच्या चांचण्यांचें त्यावर एकमत झालें नाहीं. शिवाय तो रोगच निराळा, लठ्ठपणाशीं संबंध नसलेला. परंतु जाहिरातदारांना एवढा भेद कशाला हवा?

खरी कसोटी झाली ती अमेरिकेंतील ‘व्हायटल’ चांचणींत. १३१२ मधुमेही स्त्री-पुरुषांपैकीं कांहींना रोज एक ग्रॅम मत्स्यतेलाची गोळी, कांहींना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी, असें पांच वर्षें चाललें. २०१९ सालीं निष्कर्ष बाहेर पडला: मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ति दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच घटली होती.

मग मासे खाण्यांत कांहींच अर्थ नाहीं काय? तसें नव्हे. २०२३ सालीं बारा देशांतील पंचवीस हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करण्यांत आली. ज्यांच्या रक्तांत समुद्री मेदाम्लें अधिक, त्यांना मूत्रपिंडांचा जुनाट विकार किंचित् कमी जडला, असें तींत आढळलें. जवसांत असणाऱ्या मेदाम्लाचा तसा संबंध दिसला नाहीं, हें आमच्या शाकाहारी मंडळींनीं जाणून असावें; चटणी मात्र खुशाल खावी. परंतु मासे खाणारा माणूस त्या पानावर तळलेली भजीं घेत नसेल, हाहि संभव आहे. एवढ्यावरून श्रेय एकट्या तेलाला देतां येत नाहीं. बांगडा किंवा तारली ताटांत आली म्हणजे दुसरा एखादा पदार्थ हटतो; गोळी कांहींच हटवीत नाहीं.

आणि बाटलीची मागची बाजू वाचावी. पुढें १००० मिलिग्रॅम असें ठळक छापलेलें. माझ्या बाटलीवर मागें बारीक अक्षरांत ई. पी. ए. १८० आणि डी. एच. ए. १२०. बाकीचें साधें तेल, ग्रॅमला नऊ कॅलरींचें. अधिक मात्रा स्वतःच्या मनानें घेऊं नये. तिनें हृदयाची लय बिघडण्याचा संभव वाढतो.

शेवटीं मीं लघवी तपासून घेतली. अल्ब्युमिनचा आंकडा ३० च्या आंत असावा, तो ९४ निघाला. डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं रक्तदाबाचें औषध दिलें, दिवसाचें मीठ पांच ग्रॅमांच्या आंत आणावयास सांगितलें, गुडघ्यांसाठीं मी परस्पर घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या आणि वजन उतरविण्याचा हुकूम सोडला. आठ महिन्यांत सात किलो उतरलें. गेल्या महिन्यांत आंकडा ४१ आला. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.