साडेआठ हजारांची केबल आणि सोळा वेळा उडवलेलं नाणं



मागच्या दिवाळीत जालन्याला मामांकडे गेले होते. मामा निवृत्त शिक्षक, नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गायनाच्या सीडींनी कपाट भरलेलं. निवृत्तीनंतर हौसेनं त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि एक डॅक घेतला. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारी छोटी पेटी. सीडी मात्र जुन्या डीव्हीडी प्लेअरवरच लावायचे. प्लेअर ते डॅक अशी एक साधी वायर जोडली, आणि स्पीकरमधून सतत "घूंऽऽ" असा आवाज यायला लागला.

दुकानदार म्हणाला, "सर, वायर हलकी आहे. ही साडेआठ हजारांची घ्या. घरघर जाईल, आवाजही खुलेल." दोन दिवस वापरून बघा म्हणून त्यानं ती दिलीही.

मामा मला म्हणाले, "तू फिजिक्सवाली ना? सांग, घेऊ का?"

मी लगेच सांगून टाकलं, "नको मामा, डिजिटल म्हणजे शून्य आणि एक. सगळ्या केबल सारख्याच." आज कळतंय की माझं उत्तर दुकानदाराच्या उत्तराइतकंच कच्चं होतं. तपासलं दोघांनीही नव्हतं.

आधी दावे वेगळे करा

दुकानदाराच्या वाक्यात दोन दावे होते. एक, घरघर जाईल. दोन, आवाज खुलेल. दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात, म्हणून चाचण्याही वेगळ्या हव्यात. संशोधनाचा विषय मांडताना आपण नेमकी इथेच चूक करतो, दोन प्रश्न एकाच वाक्यात कोंबतो.

पहिला दावा: घरघर

महागडी केबल लावली. घरघर तशीच! मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. सीडी काढली, घरघर आहे. डिशची केबल टीव्हीतून उपसली, घरघर एकदम बंद. परत लावली, परत सुरू.

म्हणजे दोष आकड्यांच्या वाटेत नव्हताच. प्लेअर पिवळ्या वायरनं टीव्हीलाही जोडलेला होता, टीव्ही डिशला, आणि डिश गच्चीवरच्या लोखंडी कठड्याला. दुसऱ्या बाजूला अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थिंगला. दोन ठिकाणच्या जमिनीत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी केबलच्या बाहेरच्या जाळीतून वीज वाहू लागते. याला ग्राउंड लूप म्हणतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० किंवा १०० हर्ट्झची घरघर डॅकच्या पुढच्या अ‍ॅनालॉग भागात शिरते आणि ऐकू येते. जाळी तांब्याची असो की चांदीचा मुलामा दिलेली, वाट जोडलेलीच राहते.

ही वाट तोडायचा सोपा उपाय म्हणजे ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. साडेतीनशे रुपयांची केबल आणली, घरघर गेली. काही जण घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. तसं कधीच करू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

दुसरा दावा: आवाज खुलतो का?

आता थोडं शास्त्र. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. वायरीतून मात्र शून्य आणि एक धावत नसतात, धावतं ते वरखाली होणारं व्होल्टेज. वाटेत त्याचे कोपरे गोल होतात, त्यात थोडा गोंगाट मिसळतो. पलीकडच्या यंत्राला फक्त वर की खाली एवढंच ठरवायचं असतं. वहीत कुणी ७ जरा वाकडा काढला तरी आपण सातच वाचतो ना, तसंच. पण आकडा फारच बिघडला तर चुकीचा वाचला जातो. तेव्हा टक्-टक् असा आवाज येतो, गाणं मध्येच तुटतं किंवा साफ बंद पडतं. फक्त तंबोरा किंचित बोथट झालाय आणि बाकी सगळं ठीक आहे, असं बिट चुकल्यानं होत नाही.

एक गोष्ट मात्र उरते, ती म्हणजे वेळ. या जोडणीत आकड्यांबरोबर घड्याळाचा ठोकाही त्याच वायरीतून जातो. तो ठोका किंचित मागेपुढे होण्याला जिटर म्हणतात. चांगला डॅक जिटर बराचसा दाबून टाकतो, पण "परिणाम शून्यच" असं न मोजता म्हणता येत नाही. माझं पहिलं उत्तर कच्चं होतं ते इथे.

म्हणून ऐकून बघितलं. डिशची केबल काढून ठेवली, एकदा साधी वायर लावली, एकदा महाग. आणि खरं सांगते, महाग केबलवर मला तंबोऱ्याची जवारी जास्त मोकळी वाटली! मामांनाही.

मग मामींना कामाला लावलं. आम्ही दोघं पाठ करून बसलो. मामी नाणं उडवणार, छापा आला तर साधी वायर, काटा आला तर महाग. सीडीवरचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा लावून, न बोलता स्वयंपाकघरात जाणार. आम्ही आपापल्या चिठ्ठीवर उत्तर लिहिणार. असं १६ वेळा.

सुरू करण्याआधीच वहीत लिहून ठेवलं की १२ किंवा जास्त बरोबर आले तरच फरक ऐकू येतो असं मानायचं. कारण नुसत्या अंदाजानं १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ६५,५३६ मध्ये २,५१७, म्हणजे जवळपास ३.८ टक्के असते. निकष आधी लिहिला नाही तर निकाल बघून तो सरकवायचा मोह होतोच.

निकाल: मामा ९, मी ७.

मामा जरा हिरमुसले. "म्हणजे मला ऐकू आलं ते खोटं होतं का गं?" तसं नाही. ऐकू आलं हे खरंच. प्रश्न एवढाच की ते केबलमुळे आलं की तिची किंमत माहीत असल्यामुळे. आणि या निकालाची हद्दही ओळखा. "केबलने कधीच फरक पडत नाही" हे यातून सिद्ध झालं नाही. आम्हा दोघांना, या साहित्यावर, त्या दिवशी फरक ओळखता आला नाही, एवढंच झालं.

केबल महत्त्वाची ठरते तेव्हा

सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की सर्नहून सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करून आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत. २०१२ मध्ये मुख्य कारण सापडलं: जीपीएसची वेळ आणणाऱ्या ऑप्टिकल केबलचा कनेक्टर नीट बसला नव्हता. प्रकाश कमी पोचत होता, म्हणून सिग्नल उशिरा नोंदला जात होता. केबल स्वस्त होती की महाग, हा प्रश्नच नव्हता. ती नीट बसली नव्हती आणि प्रयोगाचा सगळा जीव वेळेच्या मोजमापात होता.

मग घ्यायची कोणती?

- टीव्ही किंवा डिश जोडलेली असेल तर ऑप्टिकल. ती करकचून वाकवू नका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा.
- कोअ‍ॅक्सियल घ्यायची तर ७५ ओहमची. जुन्या प्लेअरची पिवळी व्हिडिओ वायर याच मापाची असते, छोट्या अंतराला चालते. लॅबमधल्या बऱ्याच केबल ५० ओहमच्या असतात, त्या उचलून आणू नका.
- कॉम्प्युटरसाठी यूएसबी. असिंक्रोनस पद्धतीच्या डॅकमध्ये घड्याळ डॅकचंच असतं.
- टीव्हीवरून डॅकला आवाजच येत नसेल तर केबल बदलण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा.

मामांनी ती केबल परत केली. मी वही ठेवून घेतली. तुमच्या पहिल्या प्रयोगाआधी तुम्हीही वहीत तीन ओळी लिहा: माझा दावा काय आहे, कोणता निकाल आला तर मी तो सोडून देईन, आणि माझ्यापासून लेबल कोण लपवणार आहे. तिसऱ्या ओळीसाठी माणूस मिळेना, तर घरात मामी असतातच.