मिठातही जगणारे जंतू

२०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ‘डॉक्टर, ही कसली रोगराई?’ असे मला अनेकांनी विचारले. ती रोगराई नव्हती. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

मीठ जंतूंमधील पाणी ओढून घेते, म्हणून लोणचे टिकते. हे जीव मात्र पेशीत पोटॅशियम साठवून तोल सांभाळतात. गोड्या पाण्यात ते उलट फुटून मरतात. माणसाला त्यांच्यापासून आजार होत नाही.

खारवलेल्या सुक्या मासळीवर कधी लालसर थर येतो, तो बहुधा याच कुळातला. तो दिसला की मासळीला ओल लागली असे समजावे. अशा मासळीत स्टॅफिलोकॉकस हा जंतूही वाढू शकतो. दहा टक्के मिठालाही तो दाद देत नाही. त्याचे विष उकळूनही जात नाही. काही तासांतच उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात.

तेव्हा वाचकहो, अशी मासळी धुऊन-तळून खाऊ नका, टाकून द्या. त्रास झाल्यास जलसंजीवनी पाजा. मूल किंवा म्हातारे माणूस मलूल दिसले, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.