पत्त्यावरचं कासव

लहानपणी पिंपळनेरच्या बाजारात पोपटाने माझा पत्ता काढला. 'परीक्षेत अपयश!' झालं, आठवडाभर मी पुस्तकच उघडलं नाही.

पुढे कळलं, भविष्यासाठी प्रसिद्ध असलेले 78 टॅरो पत्ते 15 व्या शतकात इटलीत निव्वळ खेळायचे होते. भविष्य त्यांना 18 व्या शतकात चिकटलं!

आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफाही खेळच. गोल, हाताने रंगवलेले 120 पत्ते. दहा अवतारांचे बारा-बारा. कूर्मावताराची खूण कासव. समुद्रमंथनात मंदार पर्वत बुडू लागला, तेव्हा कूर्माने तो पाठीवर पेलला. म्हणजे काय? भार आला तरी डगमगू नका.

पोपटाच्या पत्त्याने मला घाबरवलं. हे कासव मात्र धीर देतं. पण अभ्यास? तो आपला आपणच करायचा हं!