पोटाला शॉक नव्हे, चेतेला संदेश

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांत आतड्यांचा दाह वर्षानुवर्षे डोके वर काढत राहतो. त्यावर 'नर्व्ह स्टिम्युलेशन'चा उपचार म्हटले की अनेकांना वाटते, पोटाला शॉक देऊन दुखणे बधिर करायचे. तसे नाही.

यात सौम्य वीज व्हेगस नर्व्हला (मेंदूपासून पोटापर्यंत गेलेल्या चेतेला) मानेत दिली जाते. पाणी पुरेसे तापले की गीझरचा थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो. ही चेताही तशीच टीएनएफला (दाह भडकवणाऱ्या प्रथिनाला) आवर घालते. अमेरिकेतील केविन ट्रेसी यांच्या संशोधनातून ही यंत्रणा उलगडली.

फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे ब्रुनो बोनाझ यांच्या चमूने क्रोन्सच्या ९ रुग्णांच्या छातीवर त्वचेखाली छोटे यंत्र बसवले. ३० सेकंद प्रवाह, ५ मिनिटे विश्रांती, असे चक्र चालू राहिले. वर्षभरानंतर ५ जणांची लक्षणे आटोक्यात होती; २ जणांचा आजार मात्र बळावला आणि त्यांना अभ्यास सोडावा लागला. आवाज घोगरा होणे हा नेहमीचा त्रास.

या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे आतड्यांच्या दाहावर हा उपचार अजून प्रायोगिकच मानावा आणि चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.