नॉकर वेस्टचा हट्ट

जुन्या इंग्लिश फुटबॉलपटूंपैकी स्टीव्ह ब्लूमरवर लिहिणारे पुष्कळ आहेत, डिक्सी डीनवर तर विचारूच नका. मला कित्येक वर्षं छळतो आहे तो ईनॉक वेस्ट. हकनॉलच्या कोळसाखाणींच्या मुलखातला हा गडी, लोक त्याला ‘नॉकर’ म्हणत. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 1907-08 मध्ये 27 गोल मारून तो फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च विभागात, अव्वल ठरला. 1909 च्या एप्रिलमध्ये फॉरेस्टने लेस्टर फॉसला 12-0 असं धुतलं, त्यात तिघांच्या हॅट्‌ट्रिक होत्या आणि त्यातली एक वेस्टची. एवढा स्कोअर कसा, म्हणून चौकशी बसली. निष्पन्न काय झालं, तर लेस्टरची मंडळी जुन्या सहकाऱ्याच्या लग्नात यथेच्छ झोडून आली होती!

पुढच्याच वर्षी तो मँचेस्टर युनायटेडकडे गेला आणि 1911 चं विजेतेपद मिळवण्यात त्याचे 19 गोल कामी आले. मधली वर्षं सोडून देतो, कारण खरी गोष्ट 2 एप्रिल 1915 ची आहे.

त्या गुड फ्रायडेला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडने लिव्हरपूलला 2-0 हरवलं. दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे. पॅट्रिक ओ’कॉनेलने पेनल्टी गोलपोस्टपासून बरीच लांब मारली. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा फटका शेवटी शेवटी क्रॉसबारवर आदळला, तर त्याच्याच संघातले त्याच्यावर खेकसले. युनायटेडचा जुनाजाणता बिली मेरेडिथ म्हणाला की मला कुणी पासच देत नव्हतं.

मग एक जाहिरात निघाली. ‘फुटबॉल किंग’ असं टोपणनाव घेतलेल्या बुकीची ही जाहिरात मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मजेशीर कागद वाटतो. क्लबचं नाव नाही. ईस्टरच्या सुट्टीत मँचेस्टरला झालेल्या एका सामन्यात यजमानांना ठरलेल्या स्कोअरने जिंकू दिलं गेलं, एवढंच मोघम म्हणायचं आणि माहिती देणाऱ्याला 50 पौंडांचं बक्षीस लावायचं. 2-0 वर एकाला सात असा भाव होता आणि पैसे धो धो लागले होते. चांगल्यातल्या चांगल्या खेळाडूला तेव्हा आठवड्याला जास्तीत जास्त 5 पौंड मिळत. वर महायुद्ध सुरू, म्हणजे पुढचा हंगाम होईल याचाही भरवसा नाही. मला खेळाडूंचं फारसं आश्चर्य वाटत नाही. सट्टेबाजांनी प्रामाणिकपणाची कड घ्यावी, ही मात्र कमाल आहे.

फुटबॉल असोसिएशनने चौकशी केली. पॅग्नमने साक्ष दिली. वर्ष सरताना लिव्हरपूलच्या चौघांवर आणि युनायटेडच्या तिघांवर आजन्म बंदी आली. युनायटेडच्या तिघांपैकी प्रत्यक्ष सामन्यात खेळला होता तो एकटा वेस्ट. गोल मारणारा अँडरसन सुटला. पेनल्टी दवडणारा ओ’कॉनेलही सुटला आणि पुढे स्पेनमध्ये बेटिसला लीग जिंकून देऊन बार्सिलोनाचा प्रशिक्षक झाला. क्लबचे गुणही कापले गेले नाहीत. तळाच्या रांगेत युनायटेडचे 30 गुण होते, चेल्सीचे 29; म्हणजे त्या विजयाच्या गुणांशिवाय युनायटेड चेल्सीच्याही खाली गेला असता.

बाकीच्यांनी दिवस काढले. वेस्ट कोर्टात गेला. मी निर्दोष आहे म्हणत त्याने असोसिएशनवरच बदनामीचा दावा ठोकला. 1917 मध्ये तो हरला, अपील केलं, तेही हरला. त्याच वर्षी त्याचा सहकारी आणि बंदी आलेल्या तिघांपैकीच एक असलेला सँडी टर्नबुल अरासच्या लढाईत मारला गेला. 1919 मध्ये युद्धातल्या कामगिरीची कदर म्हणून बाकीच्यांवरची बंदी उठवली गेली, मेलेल्या टर्नबुलवरचीसुद्धा. वेस्टवरची मात्र तशीच राहिली.

तो अगदी धुतल्या तांदळासारखा होता, असं मी म्हणणार नाही. त्या दुपारच्या खेळाची वर्णनं वाचली तर तसं म्हणवत नाही. पण ज्या गुन्ह्याची इतरांना चार वर्षं झाली, त्याची याला तीस का? माझ्या मते वरची सव्वीस वर्षं त्या दाव्याची होती. असोसिएशनला कोर्टात खेचणारा खेळाडू तिथल्या साहेबांना पचला नाही.

1945 मध्ये बंदी उठली, तेव्हा तो 59 वर्षांचा होता. 1965 मध्ये तो गेला. आपण निर्दोष असल्याचं म्हणणं त्याने कधीच सोडलं नव्हतं.