दोन दारांच्या गाडीला चार दारे

आमच्या लहानपणी, १९६० नंतरच्या दशकात, इंदूरच्या आमच्या आळीत एका सधन घरी दोन दारांची लहानशी मोटार आली. पेढे वाटले गेले, बॉनेटवर नारळ फुटला, आणि पहिली फेरी खजराण्याच्या गणपतीला असे ठरले. मान अर्थातच घरच्या आजींचा. पण मागच्या बाकावर जायचे तर पुढची खुर्ची कलती करावी, अंग चोरून वाकावे आणि त्या फटीतून आत शिरावे, एवढाच मार्ग होता. नऊवारीतल्या आजींनी त्या फटीकडे एकदा पाहिले, मुलाकडे एकदा पाहिले, आणि विचारले, "मी काय मांजर आहे रे?" आजी खजराण्याला गेल्या त्या टांग्यातून. मोटार मागून रिकामी गेली.

हा प्रसंग आठवण्याचे कारण एक विलक्षण उद्योग. अमेरिकेतल्या काही हौशी कारागिरांनी जुन्या, नामांकित, दोन दारांच्या दांडग्या मोटारी घेऊन त्यांना चार दारे बसविली आहेत. आपल्याकडे ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय मोठेसे! वाड्याच्या भिंतीला नवे दार पाडतातच की. परंतु ज्याने भिंत फोडून दार पाडले आहे त्याला विचारा; वरचा भार कशावर तोलायचा हा प्रश्न त्याच्यापुढे आधी उभा राहतो, चौकट मागाहून येते. मोटारीत तर हा प्रश्न फारच बिकट होतो.

प्रथम ही दांडगी मोटार म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. तिकडे तिला 'मसल कार' म्हणतात. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे अवाढव्य इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, ही मूळ कल्पना. १९६४ मध्ये पाँटिॲकने 'जीटीओ' काढली, तेथून या प्रकाराची लाट आली असे सामान्यतः मानतात. ती जीटीओ बंद टपाची मिळे, उघड्या टपाची मिळे. चार दारांची मात्र मिळत नसे. हे सहज घडले नाही. दोन दारांची गाडी दिसायला सडपातळ, पत्र्याने अधिक ताठ, आणि मुख्य म्हणजे ती घेणाऱ्याच्या पाठीशी अजून बायकामुले नाहीत हे सांगणारी. चार दारे म्हणजे वडिलांची गाडी.

या वंशातली सर्वांत देखणी कोणती यावर वाद आहेत आणि राहतील. आमचे मत १९६८ च्या डॉज चार्जरला. लांबी १७ फुटांहून अधिक. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी जाळी, आणि दिवे त्या जाळीआड लपलेले. कमरेशी किंचित आवळलेली आणि मागच्या चाकावर पुन्हा भरून आलेली अंगलट. 'हेमी' नावाचे तिचे सर्वांत मोठ्या ताकदीचे इंजिन सात लिटरचे, ४२५ अश्वशक्तीचे होते. आपली अँबॅसॅडर ज्या इंजिनावर वर्षानुवर्षे घरची माणसे आणि पाहुण्यांच्या वळकट्या ओढीत राहिली, ते दीड लिटरचे होते. यावरून अंदाज करावा. याच १९६८ साली 'बुलिट' या चित्रपटात काळी चार्जर सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून उधळली आणि तिचे नाव झाले. पुढे १९७९ पासून दूरचित्रवाणीवरच्या एका मालिकेत १९६९ ची नारिंगी चार्जर नायकाहून मोठी ठरली. तिची तर असलेली दोन दारेही वेल्डिंगने बंद केलेली दाखविली होती. नायक खिडकीतून आत उड्या घेत. आमच्या आळीतल्या आजींनी ती मालिका पाहिली नाही हे बरेच झाले.

आता या गाडीला चार दारे द्यायची आहेत. येथे एक गोष्ट कारागिराच्या पथ्यावर पडते. डॉजचीच 'कोरोनेट' नावाची प्रपंची गाडी त्याच काळात निघत असे. चार्जर आणि कोरोनेट या एकाच कुळातल्या. दोहींच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर अगदी सारखे, ११७ इंच. आणि कोरोनेट चार दारांची मिळे. म्हणजे चार दारांच्या कोरोनेटचा तळ, मधले खांब, बिजागऱ्या, खटके हे सारे तयार असताना वर चार्जरचा मुखवटा चढविला की झाले, असे कोणालाही वाटेल. शेव्हरलेची 'शेव्हेल' घेतली असती तर हेही सोपे नव्हते. १९६८ पासून तिच्या दोन दारांच्या गाडीचे चाकांतले अंतर ११२ इंच आणि चार दारांचीचे ११६. तेथे चार इंचांचा हिशेब आधी मिटवावा लागतो.

पण मुखवटा चढवून भागत नाही. चार्जरचे सारे सौंदर्य ज्या एका वळणात आहे, ते मागच्या चाकावर भरून येणारे वळण सुरू होते नेमके जेथे मागचे दार यायला हवे तेथे. दोन दारांच्या गाडीत हा भाग अखंड पत्र्याचा आहे. कलावंताने तो एका दमात वळविला. आता तेथे दार आले म्हणजे ते वळण दारावर सुरू होऊन दाराबाहेर पुरे झाले पाहिजे, आणि मधली फट पाव इंचाहून मोठी दिसता कामा नये. दार मिटले की वळण अखंड दिसावे. उघडले की दाराच्या आत काच खाली उतरायला जागा उरावी. शिवाय मागच्या चाकाची कमान दाराचा खालचा कोपरा खाऊन टाकते, तो भाग वेगळाच कापावा लागतो. कोरोनेटची दारे येथे केवळ सांगाड्यापुरती उपयोगी पडतात. बाहेरचा पत्रा नव्याने, हाताने, हातोडी व ऐरणीवर आणि दोन चाकांमध्ये दाबून वळवीत घडवावा लागतो. पुढचे दारही सुटत नाही. चार्जरचे मूळ दार भलतेच लांब आहे आणि त्यावर दोन खोलगट खाचा आहेत. दार आखूड करताना त्या खाचा जागच्या जागी राहतील तरच गाडी चार्जर दिसणार. जराशा सरकल्या की नजरेला खटकणार, मग का खटकते हे पाहणाऱ्याला सांगता आले नाही तरी चालेल.

छपराची अडचण निराळीच. चार्जरची मागची काच दोन उतरत्या पाखांच्या मध्ये आत खोल बसविलेली आहे. ती पाखे सुरू होतात मागच्या उतारूच्या कानाशी. दाराचा वरचा कोपरा त्यांच्यात घुसला तर पाखे लंगडी होतात; दार पुढे सरकविले तर माणसाला शिरायला जागा उरत नाही, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी? याला पुस्तकी उत्तर नाही. पुठ्ठ्याचे साचे कापून गाडीवर चिकटवावेत, दहा पावले मागे जावे, पाहावे, परत यावे. शिंपी बेतताना करतो तेच.

आणि भाराचे काय? येथे इंदूरकरांना आपल्याच संस्थानातली एक गोष्ट आठवावी. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या दशकात जी ड्युसेनबर्ग मोटार करविली, तिची चासी इंडियानापोलिसची आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने चढविलेली. त्या काळी उंची मोटारींची रीतच तशी होती. एका कारखान्याने इंजिन, चाके आणि खालची लोखंडी चौकट द्यावी, आणि वरचा साज दुसऱ्याने मालकाच्या आवडीप्रमाणे करावा. दारे दोन हवीत की चार, हे कागदावर ठरे. सारा भार खालच्या चौकटीवर असल्याने वर काहीही बांधता येई. जशी रथाच्या बैठकीवर अंबारी.

चार्जरला अशी वेगळी चौकट नाही. तळ, दाराखालचे उंबरठे, खांब आणि छप्पर हे सर्व मिळूनच तिचा कणा. म्हणून बाजूचा पत्रा कापला की पत्राच नव्हे, कणा कापला जातो. जाणता कारागीर करवत हाती घेण्यापूर्वी गाडीच्या आत आडवेतिडवे नळ वेल्ड करून सारा सांगाडा जखडतो. हे न करता कापले तर मधला भाग वाटाण्याएवढा का होईना, खचतो. आणि मग जन्मभर दारे रुसतात. वेल्डिंगही एका रेघेत ओढायचे नाही. पातळ पत्रा तापला की पापडासारखा वाकतो. म्हणून एक टाका येथे, एक तेथे, निवू द्यावे, मग पुढचा टाका. आमच्याकडच्या जुन्या डेंटरांना हे ठाऊक आहे. ज्यांना नाही, त्यांचे काम पुट्टीखाली झाकलेले असते आणि दोन पावसाळ्यांनी उघडे पडते.

एवढी वर्षे, एवढा पैसा घालून मिळते काय? शुद्धतावाद्यांच्या शिव्या. त्यांचा संताप अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. जी रेषा ज्या प्रमाणात आखली ती त्याच प्रमाणात राहावी, हा आग्रह गायकीच्या घराण्यातही असतो आणि त्यात काही सत्य असते. चांगली दोन दारांची चार्जर कापून कोणी चार दारे पाडू लागला, तर आम्हीही त्याचा हात धरू. पण दुसरी बाजू फारशी कोणी बोलत नाही. त्या काळच्या चार दारांच्या कोरोनेट आणि शेव्हेल याच खऱ्या वापरल्या गेलेल्या गाड्या. मुलांना शाळेत पोहोचविणाऱ्या, आजारी माणसाला दवाखान्यात नेणाऱ्या. संग्राहकांच्या लेखी त्यांना किंमत नाही. म्हणून कित्येक दशके त्या फोडल्या गेल्या, आणि त्यांचे मडगार्ड, काचा, आसने दोन दारांच्या भगिनींना सजविण्यासाठी गेली. मोलकरणीचे दागिने मोडून राणीला चढवावेत तसे. कोरोनेटच्या तळावर चार्जर उभी करणारा कारागीर निदान एकदा तरी हा हिशेब उलटा करतो.

आणि चार दारांनी पराक्रमाला बाध येतो म्हणावे, तर ऑस्ट्रेलियात तसे काही घडलेले दिसत नाही. तेथल्या फोर्डने १९७१ मध्ये काढलेली 'फाल्कन जीटीएचओ फेज थ्री' चार दारांची घरगुती मोटारच होती. त्याच वर्षी ॲलन मॉफॅट यांनी ती बॅथर्स्टची पाचशे मैलांची शर्यत जिंकीत नेली. त्या देशात आज तिला देव्हाऱ्यात ठेवतात.

आपल्याकडेही हे झाले आहे, अश्वशक्ती मात्र सोडून द्यावी लागेल. विलायतेत १९५९ मध्ये निघालेली ट्रायम्फ हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून येथे बनविली. आकृती इटलीच्या मिशेलॉत्ती यांची, दारे दोन. विलायतेत ती अखेरपर्यंत दोन दारांचीच राहिली. मद्रासकरांनी मात्र १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिची चार दारांची आवृत्ती काढली, ती केवळ हिंदुस्थानसाठी; आणि १९७१ मध्ये त्याच वळणाची 'गझेल'. हे त्यांना तुलनेने सोपे गेले असावे, कारण हेराल्डला खाली वेगळी चौकट होती आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टांवर जोडलेली. होळकरांच्या ड्युसेनबर्गची रीत एका गरीब चुलतबहिणीने अशी राखली होती म्हणावयाचे. ज्या घरात आजी, सून, दोन मुले आणि डबा एकदम निघतात, तेथे दारे किती असावीत हे मद्रासच्या कारखान्याने ओळखले होते.

डॉजलाही ते पुढे उमगले. चार्जर हे नाव २००६ सालच्या नमुन्याच्या रूपाने परत आले ते चार दारे घेऊन. तेव्हा केवढा गहजब झाला! तरीही ती गाडी २०२३ पर्यंत निघत राहिली, आणि त्यानंतरच्या नव्या चार्जरला दोन दारे आणि चार दारे असे दोन्ही पर्याय ठेवण्यात आले.

हौशी कारागिराची परीक्षा मात्र कंपनीच्या खपावर होत नाही. रंग देण्यापूर्वी तो मागचे दार सहज, एका बोटाने लोटतो. आवाज खणखणीत न येता दबका, भरीव आला पाहिजे; आणि तसाच तो गाडी जॅकवर एका बाजूने उचललेली असतानाही आला पाहिजे. कणा खचला असेल तर तेथे कळते. न जमल्यास बिजागरी सोडायची, पातळ चकती घालायची, पुन्हा लोटायचे. असे किती वेळा, हे ज्याचे त्याने मोजावे.

आळीतली ती मोटार दोन वर्षांत विकली गेली आणि जुनी अँबॅसॅडर आली. आजी तिच्यात मागच्या डाव्या दाराशी बसू लागल्या. ते दार दुसऱ्या कोणी लावलेले त्यांना चालत नसे.